रिकाम्या हौद्याचं वजन

१

सकाळी सव्वासहाला मी गाडीची किल्ली अर्धीच फिरवते आणि थांबते. समोर पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत इंजिन चालू करायचं नसतं. डिझेलची गाडी आहे, थंडीत तिला आधी आतून ऊब लागते. तेवढ्या वेळात मी केस बांधते, चष्मा पुसते आणि आज कामावर कोणाला काय सुनवायचं ते ठरवून टाकते. दिवा विझला की किल्ली पुढे. मग मी कामाला निघाले हे अख्ख्या गल्लीला कळतं.

गाडी म्हणजे पिकअप ट्रक. पुढे तिघं बसतील असं एकच लांब बाकडं, मागे उघडा हौदा. आमचे हे त्यातून फरशा वाहायचे. हे गेले, गाडी राहिली. सगळे म्हणाले, विकून टाका. मी चौथी शिकलेली बाई, पण विकलेली वस्तू परत आपल्या दारात उभी राहत नाही एवढं मला कळतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. शिकवणाऱ्याच्या दोन शिव्या खाल्ल्या, चार परत दिल्या आणि परवाना काढला.

रुग्णालयांच्या चादरी जिथे धुतात त्या धुलाईघरात मी वाफेच्या इस्त्रीवर असते. घरापासून सव्वीस किलोमीटर. आधी कंपनीची बस होती, ती बंद पडली. तेव्हापासून एका बाईसाठी एवढं मोठं धूड रोज जातं आणि रोज येतं. लोक हसतात. हसू देत. पावसात ते भिजत हसतात, मी आत कोरडी असते.

मुलगा मात्र हसत नाही, तो मागे लागतो. "आई, वय झालं आता. गाडी विकू, तू आमच्याकडे चल. मागची खोली रिकामीच आहे."

ती मागची खोली मी पाहिली आहे. खिडकी उघडली की भिंत दिसते. तिथे बसून मला सूनबाईच्या टॉवेलांच्या घड्या घालायच्या नाहीत. टॉवेलच घडी करायचे तर मी धुलाईघरात करते. तिथे निदान भोंगा वाजला की सुट्टी होते.

गाडी गेली की नोकरी गेली. नोकरी गेली की मी मागच्या खोलीत. सरळ हिशेब आहे, त्याला चौथीसुद्धा पास व्हावं लागत नाही.

२

रिकामा पिकअप रोज चालवून बघा म्हणजे कळेल. त्याचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, ओझ्यासाठी केलेले असतात. ओझं नसलं की खड्ड्यात मागचं टोक उधळतं आणि बसणाऱ्याचा मणका मोजून निघतो.

माझ्याबरोबर बारकी येते. ती पाण्याच्या टाकीपाशी उभी असते. नाव बारकी असलं तरी बाई दोघींच्या मापाची आहे. बसली की मांडी पसरून, पिशवी मध्ये टाकून, वर माझ्या गिअरवर कोपर ठेवून बसते.

"तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा मी इस्त्रीखाली झोपेन," एक दिवस ती म्हणाली. "जेवलेलं गळ्याशी येतं बाई."

"मग चालत ये. चार किलो कमी होशील."

"आणि तुला बोलायला कोण? गतिरोधक?"

मी फिटरला दाखवलं. तो गाडीखाली गेला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "ताई, गाडी धडधाकट आहे. हिला नुसतं ओझं हवंय. हौद्यात मागच्या चाकांच्या वर चार पोती वाळू टाका. बघा कशी शहाण्यासारखी चालते."

टाकली. गाडी खरंच शहाण्यासारखी चालायला लागली. बारकी दुसऱ्या दिवसापासून घोरायला लागली.

३

आमच्या घरापासून जुन्या बसथांब्यापर्यंत रस्ता नवा आहे. त्यावर गाडी रिकामी की भरलेली, काही कळत नाही. थांब्याशी गतिरोधक आहे आणि तिथून पुढे खड्डेच खड्डे. थांबा म्हणजे कंपनीच्या बसचा. वर पत्रा, खाली सिमेंटचं बाकडं. बस बंद झाल्यापासून तिथे कोणी उभं राहत नाही.

एका शनिवारी संध्याकाळी शेजारचा गवंडी दारात आला. चेहरा पाडून उभा.

"वहिनी, रागावू नका. वाळू द्यायची राहूनच गेली."

"कुठली वाळू?"

"तुमच्या हौद्यातली. गेल्या रविवारी दुपारी तुम्ही झोपला होता. माझं काम अडलं होतं, म्हटलं वहिनी काय नाही म्हणणार आहेत? चारही पोती नेली."

"गेल्या रविवारी?"

"हो. आज सातवा दिवस. उद्या देतो."

त्याला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. बाहेर जाऊन हौद्यात बघितलं. पोत्यांचे चार चौकोनी डाग होते आणि बाकी स्वच्छ पत्रा.

सोमवार ते शनिवार मी त्या खड्ड्यांतून गेले होते आणि आले होते. बारकी रोज घोरत होती. गाडी एकदाही उधळली नव्हती.

मी गवंड्याला सांगितलं, "राहू दे वाळू." का सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही.

४

सोमवारी मी कान देऊन गाडी चालवली. टाकीपाशी बारकी चढली, पुढचं टोक बसलं. ते नेहमीचंच. नव्या रस्त्याने आरामात थांब्यापर्यंत आलो. गतिरोधकावर वेग कमी केला, पुढची चाकं उतरली, मागची उतरली, आणि मग मागे आवाज झाला. कर्र. पाटे दबताना होतो तो. मागचं टोक बोटभर खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

कोणी हौद्यात चढलं की असं होतं. आमचे हमाल चढायचे तेव्हा व्हायचं.

मी आरशात बघितलं. रिकामा हौदा, मागे रिकामा रस्ता. बारकी बिस्किटाचा पुडा फोडत होती.

खड्डे आले. गाडी मऊ चालली.

धुलाईघराच्या फाटकाशी मी थांबले, पहारेकऱ्याच्या वहीत अंगठ्याएवढी सही केली, आणि परत कर्र. या वेळी टोक वर आलं. कोणी उतरलं की येतं तसं.

संध्याकाळी फाटकाशी दबलं. थांब्याशी सुटलं.

माझं डोकं गरम आहे पण फिरलेलं नाही. मी मनाला म्हटलं, पाटे जुने झाले, बसले असतील. फिटरकडे गेले. त्याने वीत लावून माप घेतलं, मग दुसऱ्या बाजूने घेतलं. "ताई, पाटे नव्यासारखे आहेत. रिकामी आहे ना गाडी?"

"मग काय दिसतंय तुला?"

"रिकामीच दिसते," तो म्हणाला.

५

थांब्याच्या पुढे चार किलोमीटरवर खडीवाल्यांचा वजनकाटा आहे. आमचे हे तिथे नेहमी जायचे, काटेवाला मला ओळखतो. बारकीची सुट्टी होती त्या सकाळी मी गाडी सरळ काट्यावर चढवली.

"वहिनी? काय भरलंय?"

"काही नाही. रिकामीचं वजन कर."

त्याने खिडकीतून आकडा बघितला. "तुम्ही उतरा बघू."

मी उतरले. माझे सत्तर कमी झाले. त्याने गाडीचं पुस्तक मागितलं, आकड्याशी आकडा लावला, बाहेर आला आणि फाळक्याला धरून हौद्यात डोकावला. मग खाली वाकून बघितलं. मग काट्याच्या पत्र्यावर दोनदा पाय आपटला.

"साठ किलो जास्त आहेत."

"काटा बिघडला असेल."

"काल तपासून गेलेत." तो आत गेला, परत बाहेर आला. हातात पावती होती. ती त्याने मला दिली नाही. फाडली आणि खिशात घातली. "वहिनी, ही पावती मी देत नाही. तुम्ही विचारूही नका. कामाला उशीर होत असेल."

साठ किलो. पुढचे बारा किलोमीटर मी तोच विचार करत होते. आमचे हे नव्वदच्या खाली कधी आले नाहीत, शेवटच्या आजारातसुद्धा नाही. तेव्हा हे ते नव्हते, एवढं नक्की झालं. खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं.

६

माणसाला कशाचीही सवय होते. मला तर लवकर होते.

कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. मुलाच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी किल्ली त्याच्या खिशात आणि मी मागच्या खोलीत. बारकीला सांगितलं असतं तर दुपारच्या आत धुलाईघरातल्या ओल्या चादरींनासुद्धा कळलं असतं. मी गप्प राहिले. आणि सांगते, दिवस चांगले गेले. थंडी पडली होती, इंजिन खुशीत होतं, पाठ दुखायची थांबली. गतिरोधकावर मी जरा जास्तच हळू जायला लागले. कर्र झालं की मगच पाय दाबायचा. एसटीच्या ड्रायव्हरला घंटी असते, मला ही होती.

एका सकाळी धुकं होतं. माझ्या डोक्यामागे छोटी काच आहे, तिच्यातून हौदा दिसतो. थांबा मागे पडल्यावर मी आरशात बघितलं, तर त्या काचेवर वाफेचा डाग होता. गोल, बशीएवढा. मी हात मागे करून पुसला. पुसला गेला नाही. तो बाहेरच्या बाजूने होता.

हळूहळू लहान झाला. मग पुन्हा मोठा झाला. पुन्हा लहान.

"काय बघतेस मागे?" बारकीने विचारलं.

"काच घाण झालीय."

"तुझी इस्त्री नाही ती. पुढे बघ."

मी पुढे बघितलं. खूप वेळ पुढेच बघितलं.

७

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. आवाजात गोडवा होता. तेव्हाच मी ओळखलं.

"आई, फर्निचरवाला आहे एक. ओळखीचा. गाडी आवडली तर लगेच घेतो. रविवारी घेऊन येतो त्याला."

"मी विकतेय कधी म्हटलं?"

"तू काहीच म्हणत नाहीस, म्हणून तर मी म्हणतो. कागदावर माझंही नाव आहे, आई. भांडू नको. एकदा दाखव, बस."

हे गेल्यावर कागदावर नाव लाव म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. माझ्याच हाताने केलेलं, आता कोणाला बोलणार?

शनिवारी संध्याकाळी बारकी लवकर सुटली होती. मी एकटीच परत निघाले. फाटकाशी कर्र झालं. खड्ड्यांतून गाडी मऊ आली. थांबा दिसायला लागला. गतिरोधकाच्या अलीकडे मी गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. मागे वळले नाही. आरशात काचेवर तो डाग होता, मोठा होत होता, लहान होत होता.

कधी कोणापुढे हात पसरला नाही मी. नवऱ्यापुढेही नाही.

"ऐका," मी म्हटलं. "आज इथे उतरू नका. उद्या एक माणूस गाडी बघायला येणार आहे. गाडी गेली तर मी घरी बसेन, आणि तुम्हीही इथेच बसाल. तेव्हा आज माझ्यासोबत चला."

डाग लहान झाला. बराच वेळ मोठा झालाच नाही.

मी गतिरोधक ओलांडला. मागे काही वाजलं नाही. टोक खालीच राहिलं. घरापर्यंत खालीच होतं.

८

फर्निचरवाला जाडजूड, हसरा माणूस निघाला. चहा नको म्हणाला, आधी गाडी म्हणाला. टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून मान डोलावली. मग किल्ली लगेच पूर्ण फिरवायला लागला.

"थांबा!" मी ओरडले. "दिवा विझू दे आधी."

"जुनी पद्धत," तो मुलाला डोळा मारत म्हणाला. पण थांबला.

दोघं पुढे बसून गेले. अर्धा तास फिरून येतो म्हणाले होते. दहा मिनिटांत परत आले. फर्निचरवाला उतरला तेव्हा त्याचं हसू कुठेतरी रस्त्यात पडलं होतं. मुलगा गोंधळलेला.

"पाटे गेलेत का हो?" मुलाने त्याला विचारलं.

"पाटे ठीक आहेत." तो नळावर जाऊन हात धूत होता, ग्रीस लागलं नव्हतं तरी. "मागे काय ठेवलंय?"

"काही नाही. तुम्हीच बघितलंत ना."

"वळणावर सरकतं ते. आणि मी ब्रेक मारला तेव्हा काचेला..." तो मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही रोज चालवता ही?"

"रोज. सव्वीस जायचं, सव्वीस यायचं."

"मग तुम्हीच चालवा," तो म्हणाला आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेला.

मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आई, काय केलंस तू गाडीत?"

"मी काय करणार? तुझ्या बापाची गाडी आहे. परक्याला पाठीवर बसू देत नाही."

तो हसला. किती दिवसांनी हसला. "तू आणि तुझी गाडी," म्हणाला. "ठेव बाई. पुन्हा नाही विचारत."

मी त्याला पोटभर जेवायला घातलं. तो गेल्यावर हातात पाण्याचा तांब्या घेऊनच गाडीपाशी गेले. आभार मानायचे होते, दुसरं काय. पण मागचं टोक वर होतं. पाटे सुटलेले होते.

गेलं असेल थांब्यावर परत, मी म्हटलं. एवढं चालत. मला मनापासून वाईट वाटलं.

९

सोमवारी थांब्याशी मी पूर्ण थांबले. काही झालं नाही. मागून एक टेम्पो भोंगा वाजवायला लागला तेव्हा निघाले. सबंध रस्ता गाडी उधळत होती. बारकीचं बिस्किट तिच्या नाकाला लागलं. "पुन्हा सुरू झालं तुझं!" ती म्हणाली. इस्त्रीवर दिवसभरात दोन चादरी भाजल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी घरी आले, दिवा लावला.

पुढच्या खोलीत ह्यांची लोखंडी खाट आहे, जाळीच्या स्प्रिंगची. हे गेल्यापासून तिच्यावर कोणी बसत नाही. मी तिच्यावर घडीचे कपडे ठेवते. सकाळी ठेवलेली चळत एका बाजूला कलली होती. खाटेवरची चादर मी रोज ताणून बसवते, माझं तेच काम आहे, पोट भरतं माझं त्याच्यावर. त्या चादरीला मधोमध खड्डा होता आणि खड्ड्याच्या चारी बाजूंनी सुरकुत्या आत ओढलेल्या होत्या. उठून गेलेल्या माणसाच्या सुरकुत्या सैल असतात. ह्या ताणलेल्या होत्या.

मी दारातच उभी राहिले. हातातली पिशवी खाली ठेवली.

"थांब्यावर उतरू नका म्हटलं होतं मी," मी म्हटलं. "इथे उतरा म्हटलं नव्हतं."

खाट वाजली. कर्र. कूस बदलल्यासारखी.

मी कलती चळत उचलली आणि खुर्चीवर ठेवली. खाटेवर जागा मोकळी असलेली बरी, असं वाटलं. मग आत जाऊन एकटीपुरता चहा टाकला. पाणी दोघांचं झालं.

१०

आज सकाळी सव्वासहाला किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. मी केस बांधले, चष्मा पुसला. दार उघडलं नव्हतं, वाजलंही नव्हतं. पण बाकड्याची माझ्या शेजारची गादी दबली आणि गाडी डावीकडे बोटभर झुकली. दिवा विझला. मी किल्ली पुढे केली.

टाकीपाशी बारकी चढली. दार लावून घेतलं आणि दाराला चिकटून बसली. पिशवी मांडीवर, दोन्ही गुडघे जुळवलेले, शाळेत पहिल्या दिवशी बसतात तशी. आमच्या दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढं बाकडं मोकळं होतं.

"नीट बस की गं," मी म्हटलं. "दार उघडलं तर रस्त्यात पडशील."

"कुठे बसू?" ती पुडा फोडत म्हणाली. "जागा आहे का?"

आणि मग तिने स्वतःच मध्ये बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुडा पिशवीत ठेवून दिला. पण सरकली नाही.

आम्ही दोघी पुढे बघत राहिलो. नवा रस्ता होता, ऊन वर येत होतं, इंजिन छान लागलं होतं. गिअर टाकताना धक्का लागू नये म्हणून मी कोपर अंगाशी घेतलं.

थांबा आला. सवयीने मी वेग कमी केला. पुढची चाकं गतिरोधकावरून उतरली, मागची उतरली.

मागे हौद्यात कर्र झालं. माझ्या शेजारची गादी दबलेलीच होती.

मी पाय दाबला. खड्डे सुरू झाले. गाडी मऊ चालली होती.